स्वमग्न आणि दिव्यांग मुलांसाठी आधारगट, खेळ आणि उपक्रम : सुरुवात कुठून करायची

मुलाच्या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) किंवा दुसऱ्या दिव्यांगत्वाच्या निदानाचा कागद हातात पडला की पहिल्या महिन्यात बहुतेक घरांत एकच धावपळ सुरू होते : ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी, विशेष शिक्षिका, होमिओपॅथी, कुणीतरी सांगितलेला आहार, दुसऱ्या शहरातले डॉक्टर. सगळं एकदम. तीन महिन्यांत पैसे आणि अंगातलं बळ दोन्ही संपतं, आणि नेमकं काय लागू पडलं हेही कळत नाही. थेरपी हवीच. पण मूल आठवड्यात थेरपीच्या खोलीत असतं जेमतेम तीन-चार तास. उरलेला वेळ ते घरात, जिन्यात, बागेत, मामाच्या लग्नात असतं. तिथे त्याला ओळखणारी, सांभाळून घेणारी माणसं जमवणं हे थेरपीइतकंच महत्त्वाचं काम आहे, आणि ते आपलं आपल्यालाच करावं लागतं. ते कोणत्या क्रमाने केलं तर कमी खेटे पडतात, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आणि थोडी गोव्यातली आहेत.

पायरी १ : सरकारी दार आधी ठोठवा

खासगी केंद्राचं पॅकेज घेण्याआधी जिल्हा रुग्णालयातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. सगळे त्याला 'डीईआयसी' म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली हे केंद्र चालतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार इथे मोफत असतात. तिथे जायला निदान झालेलंच हवं असं नाही. मूल उशिरा बोलतंय, हाक मारली तरी वळून बघत नाही, एवढंही कारण पुरतं. खेड्यात असाल तर अंगणवाडी सेविकेला सांगा. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि तेच मुलाला पुढे पाठवतं.

मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी पर्याय आहेत : वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, आणि बौद्धिक दिव्यांगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं खारघरचं केंद्र. विदर्भातल्यांसाठी नागपुरात दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. गोव्यात पर्वरीला 'सेतू' मुलांच्या विकासाचं काम करते, आणि 1996 पासून काम करणारी 'संगाथ' ही संस्थाही तिथलीच.

या ठिकाणी जाताना फक्त तपासणी करून परत फिरू नका. बाहेर बाकावर बसलेले पालक हाच तुमचा पहिला आधारगट. 'तुमचं मूल कुठल्या शाळेत जातं? रविवारी तुम्ही त्याला कुठे नेता?' हे दोन प्रश्न विचारले की दहा मिनिटांत जी माहिती मिळते ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

पायरी २ : कागद, पण उपक्रमांच्या आड येऊ न देता

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) काढायला अनेक पालक बिचकतात : 'शिक्का बसेल.' ही भीती समजण्यासारखी आहे. पण कार्ड तुमच्या कपाटात राहतं. कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही, हे तुम्ही ठरवता. कार्ड नसेल तर मात्र बरीच दारं बंद राहतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, त्यात स्वमग्नता आहे. बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के लागतात. 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 79 पर्यंत पिवळं आणि 80 किंवा त्याहून जास्त असेल तर निळं, असे कार्डाचे रंग आहेत.

अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवर करायचा. मुलाचं आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि असलेले सगळे रिपोर्ट जोडायचे. सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते नावाच्या फरकाने : जन्मदाखल्यावर आडनाव एका वेलांटीचं, आधारवर दुसऱ्या. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा.

तपासणीच्या दिवसाबद्दल नीट सांगायला हवं, कारण टक्केवारी तिथेच ठरते. स्वमग्नतेसाठी 'आयएसएए' ही भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असतात आणि बरीच माहिती पालकांच्या उत्तरांवरून भरली जाते. 'जेवतो का स्वतः?' असं विचारलं की आई अभिमानाने 'हो' म्हणते. खरं काय असतं? ताट समोर ठेवून, हात धरून, चार वेळा 'घे बाळा' म्हटल्यावर पाच घास जातात. मग उत्तर तसंच द्यायचं. चांगल्या दिवसाचं नको, वाईट दिवसाचंही नको, रोजचं जे आहे ते सांगा. शक्य झालं तर आदल्या आठवड्यात मोबाइलवर तीन-चार छोटे व्हिडिओ काढून ठेवा : जेवण, कपडे घालणं, इतर मुलांमध्ये असताना. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिव्यांग तपासणी ठरावीक वारीच असते, गर्दी असते. मुलाचं खाणं, पाणी, आवडती वस्तू आणि एक जास्तीचा मोठा माणूस सोबत हवा. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने मुलाला झाडाखाली फिरवायचं. लहान वयात बऱ्याचदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्यावरची मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रमाणपत्र आलं की लगेच करायच्या गोष्टी दोन. पहिली, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना ती मिळते. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि ओपीडी व थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत धरतात. न्यासाकडे नोंदणी असलेल्या जवळच्या संस्थेतून अर्ज भरता येतो. तिचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असतं. नूतनीकरण विसरल्यामुळे दावा गेलेली कुटुंबं खूप आहेत. दुसरी गोष्ट प्रवासाची : एसटीची सवलत आणि मुंबई लोकलमधला दिव्यांगांचा डबा. कुठलाही उपक्रम टिकतो तो तिथवरचा प्रवास झेपतो म्हणून.

पायरी ३ : पालकांचा गट शोधा, पहिल्यांदा एकट्याने जा

आपल्याकडे मोठी कामं पालकांनी आणि शिक्षकांनीच उभी केली आहेत. डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' हे बौद्धिक दिव्यांगांचं निवासगृह अमेय पालक संघटनेच्या पालकांनी बांधलं. मुंबईत 'फोरम फॉर ऑटिझम' ही पालकांचीच संस्था. पुण्यात कामायनी आणि प्रसन्न ऑटिझम सेंटर, नाशिकात प्रबोधिनी, कोल्हापुरात चेतना, मुंबईत शिवडीची 1944 पासूनची जय वकील संस्था, तसंच उम्मीद आणि 'अडॅप्ट' : तुमचं मूल यांच्या शाळेत नसलं तरी पालकांसाठीची शिबिरं, व्याख्यानं, मेळावे यांची चौकशी करायला हरकत नाही. देशभरच्या पालक संघटनांचा महासंघ 'परिवार' नावाने ओळखला जातो. त्यांच्याकडून तुमच्या भागातल्या संघटनेचा पत्ता मिळू शकतो.

पहिल्या बैठकीला मुलाला नेऊ नका. मूल सोबत असलं की तुमचं अर्धं लक्ष त्याच्यावर आणि अर्धं 'लोक काय म्हणतील' यावर. एकट्याने जा, मागे बसा, ऐका. गट चांगला आहे का, हे तीन गोष्टींवरून कळतं. मोठ्या मुलांचे पालक अजून येतात का? येत असतील तर तुम्हाला पुढची वीस वर्षं दिसतील, ही फार मोठी ठेव आहे. वडील येतात का? आणि मुलांबद्दल बोलताना त्यांच्या आवडीनिवडी निघतात की नुसती गाऱ्हाणी?

सावध व्हायचं ते एका ठिकाणी. गटात कुणी 'आमच्याकडे सहा महिन्यांत पूर्ण बरा होतो' असं म्हणू लागलं, की तिथून उठा. स्टेम सेल उपचारांची जाहिरात पालकांच्या गटांतून सर्रास फिरते. स्वमग्नतेसाठी हे उपचार करू नयेत आणि त्यांचा प्रचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. थेरपिस्टची नोंदणीही तपासा : स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे. नंबर विचारायला संकोच करू नका, चांगला थेरपिस्ट तो आपणहून भिंतीवर लावतो.

व्हॉट्सअॅप गटात मुलाचे रिपोर्ट, शाळेचं नाव किंवा त्याच्या त्राग्याचे व्हिडिओ टाकू नका. उद्या ते मूल मोठं होणार आहे.

पायरी ४ : एकच उपक्रम निवडा आणि चार वेळा जा

इथे पालक सर्वांत जास्त चुकतात. पोहणं, चित्रकला, तबला असे तीन वर्ग एकदम लावतात, पहिल्या दिवशी मूल रडतं, आणि 'याला हे जमणार नाही' असा निकाल लागतो. पहिला दिवस काहीच सांगत नाही. तेच ठिकाण, तोच वार, तीच वेळ, तोच माणूस असं चार वेळा होऊ द्या, मग ठरवा.

निवडताना मुलाकडे बघा. सतत उड्या मारणारं, सोफ्याच्या पाठीवर चढणारं मूल असेल तर अंगाला काम देणारा खेळ हवा : पोहणं, चढणं, ढकलगाडी ओढणं. आवाजाला कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला घुमणाऱ्या हॉलमध्ये नेऊ नका. त्याला माती, झाडं, पाणी घालणं आवडेल. एकच ताल तासन् तास वाजवणाऱ्याला तबला किंवा ढोलकीची तालीम रमवू शकते, पण गुरुजींना आधीच सांगा की गॅदरिंगमध्ये वाजवलंच पाहिजे अशी अट नको.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स भारत हा मोठा आधार आहे. 8 वर्षांपासून स्पर्धांत भाग घेता येतो, 2 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी वेगळा खेळ-कार्यक्रम आहे, आणि खेळाडूंकडून पैसे घेत नाहीत. बोची (चेंडू घरंगळवत नेमाजवळ न्यायचा खेळ), अॅथलेटिक्स, पोहणं, आणि दिव्यांग नसलेल्या मुलांबरोबर एकाच संघात खेळायचे खेळही तिथे असतात. जिल्ह्यातल्या विशेष शाळेच्या क्रीडाशिक्षकाला विचारलं की पुढचा रस्ता कळतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला कोलांट्या किंवा पाण्यात सूर मारायला शिकवण्याआधी मानेच्या मणक्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. काहींच्या मानेतला सांधा सैल असतो.

नव्या जागी जाण्याची तयारी अशी करा :

1. आधी तुम्ही एकटे जाऊन या. फाटक, संडास, पाण्याचा नळ, शांत कोपरा आणि बाहेर पडायची वाट बघून ठेवा. पाच-सहा फोटो काढा.

2. फोटोंची छोटी वही करा, एका पानावर एक फोटो आणि खाली एक ओळ : 'हे तलावाचं फाटक.' 'इथे आपण कपडे बदलणार.' 'शिट्टी मोठ्याने वाजते.' शेवटचं पान घरी परतण्याचं. ही वही आठवडाभर रोज रात्री दाखवा.

3. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन चौकोन आखा : डावीकडे 'आधी', उजवीकडे 'मग'. मागे वेल्क्रो लावून फोटो चिकटवा : आधी तलाव, मग रिक्षा. फोटो खऱ्या वस्तूचेच हवेत. इंटरनेटवरचं रंगीत कार्टून रिक्षाचं आहे हे अनेक मुलांना उमगत नाही.

4. पहिली भेट 15 ते 20 मिनिटांची. मूल खुशीत असतानाच निघा. 'रमलाय तर राहू दे' हा मोह आवरा. रडून बाहेर पडलेलं मूल पुढच्या वेळी फाटकाशीच अडतं.

5. शिकवणाऱ्याला एका पानाचं पत्र द्या. निदान एका ओळीत, बाकी कामाचं : काय आवडतं, काय सहन होत नाही, कसं सांगितलं की ऐकतो, आणि त्रागा झाला तर काय करायचं. 'पाठीवर थोपटू नका, दोन पावलं मागे व्हा, बोलणं थांबवा, त्याची आवडती निळी पिशवी द्या' एवढं लिहिलं तरी बरीच भीती जाते.

त्रागा आणि हट्ट यांतला फरक मास्तरांना समजावून सांगा. हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं, वस्तू मिळाली की थांबतं. त्राग्यातलं (मेल्टडाऊनमधलं) मूल कुणाकडे बघत नाही आणि मागितलेलं दिलं तरी थांबत नाही. त्याला रागावून उपयोग नसतो. आवाज आणि गर्दी कमी करायची, वेळ द्यायचा.

एक गोष्ट जिवाची आहे. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, आणि ती न सांगता निघून जातात. विहीर, शेततळं, तलाव, समुद्र जवळ असेल तर पोहायला शिकवणं हा छंद न राहता सुरक्षेचा भाग होतो. मुलाच्या कमरपट्ट्यावर किंवा मनगटावर तुमचा मोबाइल नंबर हवा. हरवलं तर पहिल्यांदा पाण्याकडे धावा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला 112 वर फोन करायला सांगा.

पायरी ५ : गल्ली, बाग, गणपती

सगळे उपक्रम 'विशेष' असायला हवेत असं नाही. वाचनालय, देऊळ, किराणा दुकान, बाग हेही मुलाचंच जग आहे. बागेत सकाळी सातच्या आसपास जा. संध्याकाळी सहाला झोक्यावर रांग असते, आणि थांबणं हे या मुलांना सर्वांत अवघड. दुकानात एकच वस्तू आणायची, चिठ्ठी मुलाच्या हातात, पैसे त्यानेच द्यायचे. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, तो बहुतेक वेळा मनापासून साथ देतो.

गणपतीच्या दिवसांत मंडळात पहिल्या दिवशी किंवा आरतीच्या वेळी नेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मंडप शांत असतो, कार्यकर्ते निवांत असतात. स्पीकर पाच मिनिटं बंद ठेवायची विनंती करा, बहुतेक ठिकाणी ऐकतात. घरच्या आरतीत टाळ-झांजांचा आवाज सोसत नसेल तर कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घालून मुलाला दारात उभं करा आणि त्याला काम द्या : दुर्वांची जुडी देणं, प्रसादाची वाटी फिरवणं. हाताला काम असलं की मूल पाहुण्यांमध्ये टिकतं. विसर्जनाची मिरवणूक गच्चीतून बघितली तरी चालते. दिवाळीत फटाक्यांच्या वेळा सोसायटीच्या सूचनाफलकावर लावून घ्या. फटाके कधी वाजणार हे आधी कळलं तर मुलाची तयारी करता येते.

गोव्यात जानेवारी 2023 मध्ये पहिला 'पर्पल फेस्ट' भरला. दिव्यांगांसाठी, त्यांच्याच सहभागातून होणारा हा मोठा उत्सव आहे. एकदा घरच्यांना तिथे नेऊन आणा. इतके वेगवेगळे लोक मोकळेपणाने वावरताना पाहिले की आजी-आजोबांचं मन बदलतं, तुमच्या शंभर सांगण्यांनी बदलत नाही.

पायरी ६ : जवळ काहीच नसेल तर

तालुक्याच्या गावी पालक गट नसतो, पण तीन कुटुंबं असतातच. गट साधन केंद्रातल्या (शिक्षण खात्याच्या तालुका केंद्रातल्या) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना तालुक्यातली मुलं ठाऊक असतात. ते दुसऱ्यांचे नंबर देणार नाहीत, देऊही नयेत, पण तुमचा निरोप पोहोचवतील.

मग आपलाच छोटा गट सुरू करा : रविवारी दहा ते साडेअकरा, शाळेची खोली किंवा समाजमंदिर. एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि एक जण मोकळा, फक्त दाराकडे लक्ष ठेवायला. दोन सतरंज्या, तीन चेंडू, कणकेचा गोळा, मोठे मणी, पाण्याची बादली, भिजवलेली माती. पहिली वीस मिनिटं मोकळा खेळ, मग एकच गाणं (दर रविवारी तेच), मग खाऊ, मग घर. क्रम बदलायचा नाही. समाजकार्य किंवा विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी मदतीला येतात, फक्त सलग दहा रविवार येईन असं म्हणणाऱ्यालाच घ्या. दर आठवड्याला नवा चेहरा आला की मुलं भांबावतात. खाऊ ठरवताना कुणाला काय चालत नाही आणि फीट येण्याचा त्रास कुणाला आहे, हे वहीत लिहून घ्या.

पैशासाठी ग्रामपंचायतीकडे जा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. 'मदत द्या' असं मोघम पत्र फायलीत पडून राहतं. त्याऐवजी नेमकं लिहा : झोका एक, सतरंज्या चार, शाळेच्या पायरीला उतार. पत्र अंदाजपत्रक तयार होण्याआधी द्या, पोच घ्या, आणि विषय ग्रामसभेत मांडा. तीन कुटुंबं एकत्र उभी राहिली की कुणी 'तुमच्या एकट्याचं काय' म्हणू शकत नाही.

घरातल्या इतरांसाठी

भावंडांना आठवड्यातून एक तास फक्त त्यांचा द्या, मोबाइल बाजूला ठेवून. आजी-आजोबांना उपदेश नको, एक ठरलेलं काम द्या : संध्याकाळची गोष्ट किंवा झाडांना पाणी. आई-वडिलांपैकी एकाची झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर 14416 या टेली मानस क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, फोन मोफत आहे.

मे महिन्याची तजवीज

शाळा आणि वर्ग मेमध्ये बंद होतात, थेरपिस्ट गावी जातात, आणि वर्षभर बसवलेली घडी दोन आठवड्यांत विस्कटते. म्हणून मार्चमध्येच तीन गोष्टी ठरवा : सकाळी सातची बाग चालू राहणार, रविवारचा गट किमान दोन कुटुंबांनी चालवायचा, आणि गावी जायचं असेल तर तिथल्या घराचे फोटो आत्ताच मागवायचे. विहिरीला कठडा आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.